आकडे झाकून वाचलेली गणितं

भाची चौथीत गेली आणि तिच्या वहीत शाब्दिक उदाहरणं वाढली. नुसती क्रिया दिली तर ती चटकन करायची. हातचे चुकत नसत, पाढे तोंडपाठ, भागाकाराची मांडणीही नीटनेटकी. तीच क्रिया तीन वाक्यांच्या उदाहरणातून आली की मात्र पेन्सिल थांबायची आणि प्रश्न यायचा, "मावशी, हे अधिकचं आहे की वजाचं?" मी नुसतं "वजाचं" म्हटलं तरी पुढचं सगळं ती बिनचूक करायची. वजाबाकी तिला उत्तम येत होती. वजाबाकी कधी करायची हे ठरवता येत नव्हतं, आणि शाब्दिक उदाहरण नेमकं तेच विचारत असतं.

ती वाचते कशी, हे मी काही दिवस शेजारी बसून नुसतं पाहिलं. नजर आधी आकड्यांवर जायची, मग शेवटच्या ओळीवर. मधल्या वाक्यांत कोण आहे, काय घडलं, कोणाकडून कोणाकडे काय गेलं, यातलं काही तिने वाचलेलंच नसायचं. दोन्ही आकडे सारख्याच आकाराचे असले तर बेरीज किंवा वजाबाकी. एक मोठा आणि एक एकअंकी असला तर गुणाकार किंवा भागाकार, असा तिचा आडाखा होता. तो बऱ्याचदा जुळायचाही. धड्याचं नावच 'वजाबाकी' असलं आणि खालची झाडून सगळी उदाहरणं वजाबाकीची असली, तर मुलांनी ती वाचावीत तरी कशाला?

ही सवय एकट्या तिची नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे गणित शिकवण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी १९८०च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं, "जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. कप्तानाचं वय किती?" ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी क्रिया करून वय काढून दिलं. त्या मुलांना बेरीज येत होती. समोर आकडे आहेत म्हणजे ते वापरायचे आणि उत्तर द्यायचं, एवढंच त्यांनी शाळेतून उचललं होतं. मी हे उदाहरण भाचीला घातलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छत्तीस?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण बकऱ्यांवरून कसं कळणार?" हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. तो तिच्याजवळ होताच. तो आकडेमोडीच्या आधी यायला हवा होता, एवढंच.

म्हणून मी पहिलं काम आकडे काढून घेण्याचं केलं. कागदाच्या छोट्या पट्ट्या कापल्या आणि उदाहरणातला प्रत्येक आकडा झाकला. उदाहरण असं होतं: "एका डबीत काही मणी होते. मुलीने त्यात १८ मणी टाकले. आता डबीत ४५ मणी झाले. आधी डबीत किती मणी होते?" आकडे झाकल्यावर तिला बेरीज-वजाबाकी काहीच करता येईना. मी म्हणाले, "आता गोष्ट सांग." ती म्हणाली, "डबी आहे. तिच्यात मणी आहेत. मुलगी अजून टाकते. मग जास्त होतात."

"आपल्याला काय माहीत नाही?"

"आधीचे किती ते."

"मग आधीचे मणी आत्ताच्यापेक्षा जास्त असतील की कमी?"

"कमीच असणार. नंतर टाकलेत ना!"

मग पट्ट्या उचलल्या. ४५ आणि १८ दिसल्यावर तिने काही न विचारता २७ काढले. हेच उदाहरण आकड्यांसकट आधी दिलं असतं तर 'टाकले' हा शब्द पाहून तिने ६३ केले असते, याची मला खात्री आहे. कारण अशा दुसऱ्या एका उदाहरणात तिने तेच केलेलं होतं. उत्तर दिलेल्या आकड्यापेक्षा मोठं येणार की लहान, हा प्रश्न आम्ही नंतर कधीच सोडला नाही. बेरीज की वजाबाकी याचं उत्तर त्यातून निम्मं मिळून जातं.

पट्ट्यांचा हा प्रकार तिला आवडला, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. गोष्ट सांगायची असते. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे त्याच्यासाठी तर मी सगळ्यात आधी हेच करेन.

याच्याच जोडीला आणखी एक सवय लावली. उदाहरण वाचून झालं की उत्तराचं वाक्य आधी लिहायचं आणि आकड्याची जागा रिकामी सोडायची. "आधी डबीत ____ मणी होते." शाळेत हे वाक्य सगळ्यात शेवटी लिहितात, गुण जाऊ नयेत म्हणून. ते आधी लिहिलं की प्रश्न नेमका काय आहे हे मुलाच्या स्वतःच्या हातून कागदावर उतरतं. एककही तिथेच ठरून जातं. "३ मीटर २० सेंटीमीटर दोरीतून ८५ सेंटीमीटर तुकडा कापला, किती दोरी उरली?" यात तिने "____ मीटर ____ सेंटीमीटर दोरी उरली" असं आधीच लिहिलेलं होतं. म्हणून ३२० मधून ८५ वजा करून २३५ आल्यावर ती तिथे थांबली नाही. २ आणि ३५ हे दोन आकडे दोन रिकाम्या जागांत नेऊन बसवले.

हे सुरळीत चाललं असताना एक अडथळा वरचेवर यायचा. कुणीतरी तिच्या मनावर बिंबवलं होतं की 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की गुणाकार, 'वाटले' आलं की भागाकार. मुलांना घाईत मदत करायची म्हणून अशा खुणेच्या शब्दांची यादी अनेक जण देतात. माझं मत विचाराल तर ती देऊच नये. थोड्या उदाहरणांत ती उपयोगी पडते आणि मुलाला वाचण्यापासून कायमची सुटी देते. मी भाचीशी वाद घातला नाही. यादीला न जुमानणारी उदाहरणं तयार केली. "वर्गात एकूण ४५ मुलं आहेत. त्यांत १८ मुली आहेत. मुलगे किती?" यात 'एकूण' आहे आणि करायची आहे वजाबाकी. "माझी पुस्तकातली ५२ पानं वाचून झाली, ८ उरली. पुस्तक किती पानांचं?" यात 'उरली' आहे आणि बेरीज आहे. "प्रत्येकी ६ प्रमाणे ४२ पेन्सिली वाटल्या. किती मुलांना मिळाल्या?" यात 'प्रत्येकी' असून भागाकार. ती हसायला लागली. मग "फसवं गणित दे" असा हट्टच सुरू झाला आणि शब्दावरून क्रिया ओळखायचा तिचा नाद हळूहळू सुटला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तुलनेच्या उदाहरणांनी. "ताईकडे ३६ गोट्या आहेत. त्या दादाच्या गोट्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. दादाकडे किती?" इथे पट्ट्या लावूनही गोष्ट नीट सांगता येईना, कारण गोष्टीत काही घडतच नाही. कुणी काही देत नाही, घेत नाही. दोन ढीग शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यात फरक आहे, इतकंच. शिवाय दुसऱ्या वाक्यातल्या 'त्या' म्हणजे कोणाच्या गोट्या, हे वाचणाऱ्याने मागे जाऊन जुळवायचं असतं. 'जास्त' हा शब्द कानात राहतो आणि हात बेरजेकडे वळतो. लुईस आणि मेयर या संशोधकांनी १९८७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा धर्तीची उदाहरणं दिली होती. 'जास्त' म्हटलंय पण वजा करायचं आहे, अशा उलट्या रचनेत त्या मोठ्या मुलांच्याही चुका वाढल्या. तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलीने इथे अडखळणं अगदी साहजिक होतं.

इथे उपयोगी पडल्या त्या आडव्या पट्ट्यांच्या आकृत्या. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८०च्या दशकापासून ही रीत शिकवतात. प्रत्येक संख्येसाठी एक लांबट चौकोन काढायचा, लांबी अंदाजाने. माझा एकच नियम होता: चौकोन काढण्याआधी "कोणाची पट्टी लांब?" याचं उत्तर मोठ्याने द्यायचं. तिने वाक्य पुन्हा वाचलं, "ताईच्या जास्त आहेत, म्हणजे ताईची लांब." वर लांब पट्टी, तिच्यात ३६. खाली आखूड पट्टी, तिच्यात प्रश्नचिन्ह. ताईच्या पट्टीचा जो तुकडा पुढे आला तो ९. आता कुठली क्रिया हे कुणी सांगायची गरजच नव्हती. जास्तीचा तुकडा कापला की दादाची पट्टी. २७.

ही आकृती हाती आल्यावर पुढे जे झालं ते पाहताना मला फार आनंद झाला. "दोघी बहिणींकडे मिळून ८४ मणी आहेत. थोरलीकडे धाकटीपेक्षा १२ मणी जास्त आहेत. प्रत्येकीकडे किती?" मोठ्या वर्गांत हे 'क्ष' धरून सोडवतात. चौथीतल्या मुलीजवळ क्ष नाही. पण तिने दोन पट्ट्या काढल्या, थोरलीचा पुढे आलेला तुकडा १२ म्हणून दाखवला, आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसली. मी बोलायचा मोह आवरला. मग तिने बोटाने तो तुकडा झाकला आणि म्हणाली, "हा नसता तर दोघी सारख्या." ८४ मधून १२ गेले, ७२ राहिले, त्याचे दोन सारखे भाग ३६. धाकटीचे ३६, थोरलीचे ४८. लगेच दुसरं दिलं: "दोघांकडे मिळून ९६ तिकिटं, एकाकडे दुसऱ्याच्या ३ पट." एक चौकोन खाली, तसेच तीन वर, मिळून चार, ९६ भागिले ४. एकाची ७२, दुसऱ्याची २४. '३ ने जास्त' आणि '३ पट' यांतला फरक मी तोंडी कितीदा समजावला असेल. पट्टीवर तो एका नजरेत दिसला. एकात शेवटी छोटा तुकडा चिकटतो, दुसऱ्यात अख्खी पट्टी पुन्हा पुन्हा ठेवायची असते.

दोन-तीन पायऱ्यांच्या उदाहरणांना आम्ही शेवटून हात घातला. "टाकीत ५०० लिटर पाणी होतं. १५ लिटरच्या १२ बादल्या भरून काढल्या. नंतर टाकीत ६० लिटर पाणी सोडलं. आता टाकीत किती पाणी आहे?" यात चार आकडे आहेत आणि सुरुवातीपासून चालायला लागलं की मूल ५०० मधून १५ वजा करतं, मग १२ वजा करतं. आम्ही उलट विचारत गेलो. आत्ताचं पाणी काढायला काय हवं? काढल्यावर किती राहिलं ते. त्यासाठी? एकूण किती काढलं ते. ते उदाहरणात दिलंय का? नाही, पण १५ आणि १२ दिलेत. म्हणजे पहिली पायरी तिथे: १८० लिटर. मग ५०० − १८० = ३२०, आणि ३२० + ६० = ३८०. 'हे काढायला मला काय हवं?' असं दिलेला आकडा सापडेपर्यंत विचारत मागे जायचं आणि मग त्याच वाटेने पुढे यायचं. प्रत्येक मधल्या उत्तराला नाव द्यायचं, असाही आग्रह मी धरला. नुसतं १८० लिहायचं नाही; '१८० लिटर, काढलेलं पाणी' लिहायचं. नाव दिलं की तो आकडा पुढे भलतीकडे वापरला जात नाही.

भागाकाराच्या उदाहरणांवर मी जाणीवपूर्वक रेंगाळले. एक तर भागाकार दोन वेगळ्या प्रसंगांत येतो आणि मुलांना ते दोन आहेत हे कुणी सांगत नाही. २४ मणी ४ डब्यांत सारखे ठेवले, तर एका डब्यात किती? आणि २४ मणी एका डब्यात ४ याप्रमाणे ठेवले, तर डबे किती लागतील? दोन्ही वेळा २४ ÷ ४, दोन्ही वेळा ६. पण पहिल्या ६ चा अर्थ मणी, दुसऱ्याचा डबे. मणी हाताने वाटून पाहिले की फरक कळतो: पहिल्यात एकेक मणी फिरवून टाकत जातो, दुसऱ्यात चार-चार उचलत जातो.

दुसरं म्हणजे बाकी. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना प्रश्न आला होता: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? १९८३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला: भागाकार ३१, बाकी १२. पण ३२ हे उत्तर लिहिणारी मुलं साधारण २३ टक्केच. बरीच मुलं '३१ बाकी १२' लिहून मोकळी झाली. उरलेले १२ सैनिक जाणार कसे, हे पाहायला कागदावरून नजर उचलून बसकडे वळवावी लागते, आणि तेवढं झालं नाही.

मी भाचीसाठी एकच भागाकार घेतला, २५ ÷ ४, आणि त्याचे चार प्रसंग केले. एका होडीत ४ जण बसतात, २५ जणांना पलीकडे एकाच फेरीत न्यायला किती होड्या? ७. पंचवीस मीटर रिबिनीतून ४ मीटरचे पूर्ण तुकडे किती? ६. तसे तुकडे कापल्यावर किती रिबीन उरते? १ मीटर. आणि २५ मीटर रिबीन चौघींत सारखी वाटली तर प्रत्येकीला किती? सव्वासहा मीटर. चारही वेळा कागदावरची क्रिया हुबेहूब तीच, आणि उत्तरं चार. तिने चौघींच्या वाटणीशी बरीच झटापट केली, कारण उरलेल्या एका मीटरचं काय करायचं हे तिला ठरवावं लागलं. "तोही कापायचा," ती शेवटी म्हणाली. होड्यांच्या गणितात मात्र उरलेला एक माणूस कापता येत नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं आणि त्यावर खूप वेळ हसत होती.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घेणं, योजना आखणं, ती पार पाडणं आणि मागे वळून पाहणं. वह्यांमध्ये आपल्याला बहुतेक तिसरीच पायरी दिसते. पहिलीसाठी पट्ट्या आणि गोष्ट, दुसरीसाठी आकृती आणि उलट प्रवास झाला होता. राहिली चौथी, म्हणजे ताळा.

ताळा म्हणजे तीच क्रिया पुन्हा करणं, असं मुलांना वाटतं. तीच चूक माणूस तितक्याच आत्मविश्वासाने दुसऱ्यांदा करतो, म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. आम्ही उत्तर उचलून गोष्टीत परत ठेवायला लागलो. आधी डबीत २७ मणी होते. मुलीने १८ टाकले. झाले का ४५? झाले. थोरलीचे ४८, धाकटीचे ३६. मिळून ८४ का? फरक १२ का? दोन अटी असल्या तर दोन्ही तपासायच्या. हा ताळा करायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यानंतर मुलाला "बरोबर आहे का?" असं मोठ्या माणसाला विचारावं लागत नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. भाची आता उत्तर दाखवायला येते तेव्हा तिला माझी खूण नको असते. ती कसं सोडवलं ते सांगायला येते.

काही उदाहरणं आकृती काढूनही अडतात, कारण आकडे मोठे असतात. "१०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या एका कडेला दर ५ मीटरवर एक झाड लावायचं आहे, दोन्ही टोकांनाही झाड हवं. किती झाडं?" तिने १०० ÷ ५ केलं आणि २० लिहिलं. मी म्हणाले, "रस्ता १० मीटरचा कर." रेघ काढली: सुरुवातीला एक, मधे एक, शेवटी एक. तीन झाडं. १० ÷ ५ तर २. मग १५ मीटर: चार झाडं. "एक जास्त येतंय. पहिलं झाड मोजायचं राहतंय!" मग २१. आकडे लहान करून पाहणं हा मला सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो; त्यात मूल सूत्र मागत नाही, स्वतः शोधतं.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण मी तिला हौसेने घातलं. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबाच्या फुलांकडे गेले, एक तृतीयांश शिलींध्राकडे, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजाकडे गेले, आणि एक भुंगा मागे राहिला. थव्यात भुंगे किती? अपूर्णांक तिने नुकतेच सुरू केले होते, म्हणून मी तिथलीच रीत वापरली. या रीतीला इष्टकर्म म्हणतात: सोयीची एखादी संख्या धरायची आणि काय होतं ते पाहायचं. ५ आणि ३ दोन्हींनी भाग जायला हवा म्हणून तिने ३० धरले. पंचमांश ६, तृतीयांश १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. मिळून २८ गेले, २ राहिले. पण राहायला हवा होता १. "मग निम्मे घेऊ," ती म्हणाली, आणि १५ घेऊन पुन्हा सगळं केलं: ३, ५, ६, आणि राहिला एक. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचं उदाहरण आपल्याला सुटलं, म्हणून तिने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं. भुंग्यांची चित्रंही काढली.

यानंतर आम्ही बाजू बदलली. मी नुसतं ४५ − १८ लिहायचं आणि तिने त्यावर उदाहरण करायचं. पहिलं अर्थातच "४५ होते, १८ दिले, किती उरले?" असं आलं. मी म्हणाले, आता कुणी कुणाला काही द्यायचं नाही. खूप विचार करून तिने "माझी उडी ४५ सेंटीमीटर, मैत्रिणीची १८, माझी किती जास्त?" असं केलं. तिसरं मागितल्यावर आधीचे मणी विचारणारी डबी परत आली. एका वजाबाकीत किती निरनिराळे प्रसंग मावतात, हे असं स्वतः रचल्याशिवाय नीट कळत नाही. दुसऱ्याने रचलेलं वाचताना मुलं शब्द ओळखतात. स्वतः रचताना त्यांना कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती लपवायची हे ठरवावं लागतं. तिची काही उदाहरणं सुटायचीच नाहीत. "एका बसमध्ये ४५ आसनं आहेत. १८ लोक चढले. आता किती आसनं रिकामी?" मी विचारलं, बसमध्ये आधी कुणी होतं का? तिने लगेच 'रिकाम्या बसमध्ये' असं लिहून दुरुस्ती केली. माहिती कमी पडते म्हणजे काय, हे त्या दिवशी तिला कळलं. पुढे ती जास्तीची माहितीही मुद्दाम घालायला लागली: बस कुठल्या रंगाची, ड्रायव्हर किती वर्षांचा. मी फसायची वाट पाहत माझ्याकडे बघत बसायची.

सध्या वेळेची उदाहरणं चालू आहेत. ही तिला नव्याने जड जातात, कारण इथे हातचा दहाचा नसून साठाचा असतो. "गाडी ९ वाजून ४५ मिनिटांनी सुटली आणि ११ वाजून ३५ मिनिटांनी पोचली" यात तिने आधी ११.३५ मधून ९.४५ उभी मांडणी करून वजा केले आणि १.९० आले. ताळा करताना नव्वद मिनिटं पाहून ती स्वतःच थबकली. आता ती आडवी रेघ ओढते आणि टप्प्यांनी जाते: पावणेदहा ते दहा, १५ मिनिटं, दहा ते अकरा, एक तास, अकरा ते ११.३५, ३५ मिनिटं. मिळून १ तास ५० मिनिटं. काल तिला रात्री १० वाजून ४० मिनिटांनी निघून पहाटे सव्वापाचला पोचणारी गाडी दिली होती. तिने रेघ ओढली, मधे मध्यरात्रीचे बारा स्वतःहून मांडले, अलीकडे १ तास २० मिनिटं लिहिली, पलीकडे ५ तास १५ मिनिटं, आणि उत्तराच्या आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यात ६ तास ३५ मिनिटं भरली.